दसऱ्याला उलटलेला काटा

आमचे नाना ठाण्यात दोन गोष्टींसाठी ओळखले जात. एक म्हणजे ते सरकारी मोजणीदार होते आणि दुसरं म्हणजे ते खोटं बोलत नसत. दुसरी गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण तसल्या माणसाच्या घरात राहून बघावं. जेवायला बोलावलेल्या घरी यजमानीणबाईंनी कौतुकाने विचारावं, कालवण कसं झालंय, आणि ह्यांनी शांतपणे सांगावं की मीठ जास्त पडलंय. मग आई घरी येईपर्यंत सगळ्या नौपाड्यात एक शब्द बोलायची नाही.

मी त्यांची थोरली मुलगी, सुमेधा. सत्तावन्न साली मी तेवीस वर्षांची होते आणि मुलींच्या शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवत होते. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं सगळे म्हणतात. असतो, त्याला मी काय करू? आजही दर चार-दोन वर्षांनी कोणीतरी उपटसुंभ उठतो आणि सांगतो की पृथ्वीचे ध्रुव आता उलटणार, सगळं बुडणार. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण डोकं शांत झालं की डोळ्यांपुढे येतात ती तेव्हाची कौलारू घरं, दुपारच्या शांततेत लांबवर ऐकू येणारा टांगा, आणि ओसरीवर चष्मा कपाळावर चढवून पितळेचं होकायंत्र पुसत बसलेले नाना. मग कितीही वेळ मी तिथून हलत नाही.

ते होकायंत्र तळहाताएवढं होतं आणि त्याला झाकण होतं. झाकण मिटलं की आतली एक खिळी वर येऊन काट्याला दाबून धरायची, म्हणजे वाटेत काटा हलून झिजू नये. तीस वर्षं नानांनी ठाण्यापासून कल्याणच्या पुढपर्यंत त्याच्यावर जमिनी मोजल्या. मोजणीच्या वहीत खोडरबर लावायचा नाही, हा त्यांचा नियम. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. खालचा चुकलेला आकडा वाचता आलाच पाहिजे. ते म्हणायचे, चूक दिसली पाहिजे, आज चूक पुसणारा उद्या शेताचा बांधही पुसेल.

चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या दामाजीचा नानांवर विश्वास बसला तो एका बांधावरूनच. खाडीकाठच्या त्याच्या जागेवर एका बड्या माणसाने हक्क सांगितला होता. मोजणी नानांकडे आली. बड्या माणसाने घरी आंब्याची पेटी पाठवली, ती नानांनी परत पाठवली, आणि जागा दामाजीची निघाली. तेव्हापासून दामाजी सगळ्या कोळीवाड्याला सांगत असे की नानांचा काटा लबाड बोलत नाय. त्याची सून मनुबाई आमच्याकडे मासळी घेऊन यायची. आम्ही कायस्थ, मासळीशिवाय आमच्या गळ्याखाली घास उतरत नाही. आणि मनुबाईची मुलगी तुळसा माझ्या वर्गात होती. चेंदणीत शिकलेली घरं पुष्कळ होती, पण दामाजीच्या घरातून मॅट्रिकपर्यंत पोचलेली ती पहिलीच. भूगोलाच्या वहीत ती असे नकाशे काढायची की मी तिची वही घरी आणून नानांना दाखवली होती. नानांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, हिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. नानांच्या तोंडून आलं म्हणजे ते खरंच असणार.

आता त्या दसऱ्याबद्दल. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा होई आणि दुसऱ्या दिवशी सोनं लुटून येईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही, अशी पद्धत होती. नानांचं होकायंत्र आणि साखळी, आईची विळी आणि शिवणाची कात्री, माझी खडूची पेटी. आणि त्या वर्षी माझा धाकटा भाऊ आनंद ह्याचा लाऊडस्पीकर. आनंद कॉलेजात कमी आणि रेडिओ उघडण्यात जास्त असायचा. कल्याण कॅम्पातल्या लष्करी भंगारातून त्याने हा भलामोठा स्पीकर आणला होता, मागे मुठीएवढं लोहचुंबक असलेला. मांडामांड माझ्याकडे असे. मी मधोमध तो स्पीकर ठेवला, त्याला टेकून एका बाजूला होकायंत्र, दुसऱ्या बाजूला कात्री, वर झेंडूची माळ. छान दिसलं. आईनेही म्हटलं, छान दिसतंय.

त्या वर्षी एकूणच लोकांच्या मनात धाकधूक होती. एकाच वर्षात दोन शेंडेनक्षत्रं दिसली होती. दसरा होऊन दोन दिवस होतात न होतात तोच रशियाने तो उपग्रहाचा चेंडू आभाळात सोडला. आणि डोंबिवलीत गोपीनाथपंत म्हणून एक गृहस्थ होते, पोस्टातून निवृत्त झालेले, त्यांनी ह्या सगळ्याची मोट बांधली. येत्या मार्गशीर्ष अमावास्येला पृथ्वीचे ध्रुव उलटणार, पृथ्वी कलंडणार आणि समुद्र खाडीतून वर चढणार, अशी त्यांची व्याख्यानं होत. बादलीत नारळ तरंगत ठेवायचा, तो एकदम उलटा करायचा, आणि पुढच्या रांगेतल्यांच्या अंगावर पाणी उडालं की म्हणायचे, हे तर एका बादलीतलं झालं. मी एकदा मुद्दाम जाऊन ऐकलं. माझा अर्धा पदर भिजला.

मला चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. माणूस सगळंच खोटं बोलत असता तर सोडून दिलं असतं. पण तो म्हणाला की जुन्या कातळात शास्त्रज्ञांना उलट्या दिशेचं चुंबकत्व सापडलंय, म्हणजे पूर्वी ध्रुव उलटले होते. आता हे मीही मासिकात वाचलं होतं. त्या अर्ध्या खऱ्याच्या पोटात त्याने पूर्ण खोटं दडवलं होतं. होकायंत्राचा काटा ज्याच्याकडे तोंड करतो तो चुंबकीय ध्रुव वेगळा आणि पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते तो ध्रुव वेगळा. काटा उलटला म्हणून पृथ्वी कलंडत नाही. मी उठून तसं बोलले, तर कोणीतरी मागून म्हणालं, बाई, बसा खाली. बसले नाही, निघून आले.

तरीही लोक हसण्यावारीच नेत होते. पण मग कोपरची मोजणी आली.

डोंबिवलीला कोपरच्या बाजूला एका नव्या सोसायटीचे प्लॉट पाडायचे होते. दसऱ्यानंतर पंधरवड्याने नाना तिथे गेले, होकायंत्राचं झाकण उघडलं, आणि काट्याने उत्तर दाखवली ती दक्षिणेकडे. नानांनी पुन्हा पाहिलं, जागा बदलून पाहिलं, हातातलं लोखंडी सामान लांब ठेवून पाहिलं. सकाळचं ऊन समोर आणि होकायंत्राच्या मते तिकडे पश्चिम. भोवती प्लॉटवाले जमलेलेच होते. त्यांनी विचारलं, काय झालं हो? दुसरा कोणी असता तर यंत्र बिघडलंय म्हणून खिशात टाकलं असतं. पण यंत्र बिघडलंय हे नानांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं ते बोलणार कसे? ते म्हणाले, "काटा उलटा दाखवतोय. का, ते मला कळत नाही."

ह्यातलं पहिलं वाक्य संध्याकाळपर्यंत ठाण्याला पोचलं. दुसरं वाक्य कोपरलाच राहिलं. दिवाळीनंतर गोपीनाथपंतांच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली, तिच्या पहिल्याच पानावर ठाण्याच्या ज्येष्ठ मोजणीदारांचा दाखला होता.

मी नानांवर चवताळले. म्हटलं, छापून आणा की हे खोटं आहे. ते म्हणाले, काटा उलटला हे खोटं नाही. म्हटलं, मग तुमचं यंत्र बिघडलंय असं छापा. ते म्हणाले, कशाने बिघडलं ते दाखव, लगेच छापतो. मी शाळेतलं लहान होकायंत्र आणून त्यांच्यापुढे ठेवलं, ते नीट उत्तरेकडे पाहत होतं. नानांनी दोन्ही लांब लांब ठेवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, दोन घड्याळं दोन वेळा दाखवतात तेव्हा फार तर एक बरोबर असतं. कुठलं, ते तिसऱ्याला विचारावं लागतं. मला तेव्हा वाटलं म्हातारा हट्टाला पेटलाय. आज वाटतं की विज्ञान मला कॉलेजात कोणी इतकं सोप्यात सांगितलं नव्हतं.

ते बोलत होते शांतपणे, पण होकायंत्र मात्र त्यांनी कपाटात ठेवून दिलं आणि रोज पुसायचं बंद केलं. तीस वर्षांची सोबत होती हो ती. जेवताना ते मध्येच थांबायचे. मला त्यांची दया यायची, आणि दया आली की मी आणखी भांडायचे.

तुळशीचं लग्न झालं त्याच आठवड्यात मनुबाई आली ती पाटी न घेता. ओसरीच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. तुळसाचं लग्न ठरवलं होतं. दामाजीनेच ठरवलं, कल्याणपलीकडच्या मोहने गावात. मुलगा रेयॉनच्या कारखान्यात होता, वयाने दुप्पट, पहिली बायको वारलेली. पण घर खाडीपासून लांब आणि उंचावर. अमावास्येच्या आधी पाच दिवस तिथी धरली होती. म्हाताऱ्याचं म्हणणं, बुडायचंच असलं तर पोर कुवारी बुडू नये, आणि नाही बुडालं मोहने तर तेवढी एक तरी जगेल. परीक्षा? मार्च महिना उजाडणारच नव्हता तर परीक्षा कुठली? मनुबाई म्हणाली की ती सासऱ्याच्या पाया पडली, पण तो एकच बोलतो, नानांचा काटा फिरला ना, मंग झालं.

नाना आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं. बाहेर आले नाहीत.

मी त्या दिवशी तुळसाला वर्गात पाहिलं. मान खाली घालून ती कोकणाचा नकाशा काढत होती, नेहमीसारखाच नेटका, कोपऱ्यात उत्तरेचा बाण. मी विचारलं, तू आजोबांना काही बोलली नाहीस? ती म्हणाली, "बाई, ते माझ्यासाठीच करतात. रागवू कशी?" मुलगी सोळा वर्षांची होती.

घरी येऊन मी तिसऱ्याला पत्र लिहिलं. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे, हे मी वर्गात शिकवत असे. ती पूर्वी मुंबईत कुलाब्याला होती, पण विजेवरच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर तिथल्या विजेने काटे थरथरतील म्हणून ती अलिबागला नेली. लोखंडाचा खिळासुद्धा त्या इमारतीत लावलेला नाही. मी सगळी हकिकत लिहिली, अमावास्या लिहिली, आणि रागाच्या भरात तुळसाचं लग्नही लिहिलं. उत्तराची वाट पाहण्यात कार्तिक संपला. रोज पोस्टमन यायच्या वेळी नाना ओसरीवर येऊन बसत आणि मी त्यांच्याकडे न बघता बसत असे.

मार्गशीर्षाचा पहिला पंधरवडा उलटून पाच दिवस झाले तेव्हा उत्तराचं जोडकार्ड आलं. अक्षर बारीक, सही वाचता न येणारी. त्यात लिहिलं होतं की आमच्याकडे रात्रंदिवस नोंद होते आणि काटा जागच्या जागी आहे; वर्षाकाठी तो सरकतो तो साध्या डोळ्यांना दिसूही नये इतका. काळ्या कातळात उलट दिशा आढळते हे खरे. तापलेला कातळ थिजताना त्या काळची दिशा धरून ठेवतो. पण असे उलटणे घडले असलेच तर त्याला शेकडो पिढ्या लागत असाव्यात, आणि तेव्हाही पृथ्वी कलंडली नाही; सह्याद्रीचे थर आजही आडवेच आहेत, ते आपल्या दारातून दिसत असतील. आणि शेवटी एक ओळ होती: आपल्या वडिलांचे होकायंत्र मध्यंतरी कशाच्या शेजारी ठेवले होते, तेवढे पाहावे.

मी ती ओळ मोठ्याने वाचली आणि त्याच वेळी आत आई करवादली, मेली ही कात्री, दसऱ्यापासून सगळ्या सुया हिलाच चिकटतात.

मी आत गेले. कात्रीच्या टोकाला पाच सुया लोंबत होत्या. दोन महिने आई हे बोलत होती आणि दोन महिने मी ऐकून सोडून देत होते. पाट डोळ्यांपुढे आला. मधे स्पीकर, एका बाजूला कात्री, दुसऱ्या बाजूला होकायंत्र. झाकण मिटलेलं, म्हणजे काटा खिळीने दाबलेला. मोकळा असता तर बिचारा नुसता वळला असता आणि नंतर पुन्हा आपल्या जागी आला असता. पण जखडलेला असल्याने पूर्ण दीड दिवस लोहचुंबकापुढे तसाच पडून राहिला आणि अंगभर उलटा झाला. लोहचुंबकाच्या दोन टोकांनी काय होतं हे मी दरवर्षी पाचवीला शिकवत होते. आणि गोपीनाथपंतांना मूर्ख म्हणत होते.

मी नानांपुढे जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं माझा आवाज चढेल, कारण चूक माझी असली की तो जास्तच चढतो. पण या वेळी तो चढला नाही.

"नाना, मी ठेवलं होतं," एवढंच म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटातून होकायंत्र काढलं, आनंदला हाक मारून स्पीकर मागवला आणि झाकण मिटून ते त्याच्या दुसऱ्या बाजूला टेकवून धरलं. थोड्या वेळाने उघडलं. काटा हलला, डुलला आणि उत्तरेला जाऊन थांबला. नानांनी धोतराच्या सोग्याने काच पुसली. दोन महिन्यांनी पुसली. मला रडू आलं, आणि आईला वाटलं नानांनी मला बोल लावला, म्हणून ती त्यांच्यावरच डाफरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं चेंदणीला गेलो, नाना, मी आणि काखेत स्पीकर घेतलेला आनंद. लग्नाला चार दिवस होते. दामाजीच्या अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. तुळसा दारात होती, तिच्या अंगाला आत्ताच हळदीचा वास येईल की काय अशी मला धास्ती वाटत होती. दामाजी सत्तरीचा, वाळून काटक झालेला. त्याने नानांना घोंगडी अंथरली. बघता बघता अर्धा कोळीवाडा जमला. एक म्हातारी माझ्याकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की शिकलेल्या बायाच पोरींच्या डोक्यात नाय ते भरवतात.

नानांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते म्हणाले, "दामाजी, काटा उलटला होता हे खरं. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आज कळलंय, ते दाखवायला आलोय."

मग त्यांनी होकायंत्र मिटलं, स्पीकरला लावलं, उघडलं. काटा दक्षिणेला. पुन्हा मिटलं, दुसऱ्या बाजूने लावलं, उघडलं. काटा उत्तरेला. दामाजीच्या हातात दिलं आणि त्यालाच करायला लावलं. गोपीनाथपंतांचा प्रलय दामाजीने आपल्या अंगणात चार वेळा आणला आणि चार वेळा परत पाठवला. दिवेलागण झाली होती. नानांनी त्याला उभं केलं आणि उत्तरेला खालीच लुकलुकणारा ध्रुवतारा दाखवला.

"काटा चार वेळा फिरवलास. तो तारा हलला?"

दामाजी म्हणाला, नाय.

"तुझी भरती-ओहोटी काट्यावर चालते?"

"ती चंद्रावर चालते, नाना. पोराला पन म्हाईत हाय."

नानांनी मग खाडीपलीकडच्या पारसिकच्या डोंगराकडे बोट केलं. अंधारात नुसती कड दिसत होती, पण ते थर तिथल्या प्रत्येकाला पाठ होते. ते म्हणाले की कधीकाळी काटा खरोखरच उलटला असेल, त्या दगडाने तो पाहिलाय म्हणतात. तरी दगड आडवा तो आडवाच राहिला. अमावास्येला उधाण येईल, पाणी पायऱ्या चढेल, जसं दर अमावास्येला चढतं, आणि उतरेल.

दामाजीने होकायंत्र हातात उलटसुलट करून पाहिलं. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि मी तुळसाकडे. मग त्याने विचारलं, "ह्यो लोहचुंबक काट्याच्या बाजूला ठेवला कोनी?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, देवाशपथ. पण नाना माझ्या आधी बोलले.

"मी ठेवला. चूक माझी."

आनंदने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. आयुष्यात कधी यजमानीणबाईंच्या कालवणाबद्दलसुद्धा जे खोटं बोलले नव्हते, ते नाना अख्ख्या कोळीवाड्यापुढे ताठ मानेने खोटं बोलले होते, आणि ज्याच्यापुढे बोलले तो माणूस त्यांचा शब्द म्हणजे देवाचा शब्द मानत होता. ती म्हातारी अजून माझ्याकडेच बघत होती. चूक शिकलेल्या मास्तरणीची निघाली असती तर त्या अंगणात तुळसाच्या शिक्षणाचं काय झालं असतं, हे नानांना माझ्याआधी दिसलं होतं.

दामाजी म्हणाला, "तुमी पन चुकता, नाना?"

"चुकतो. लिहून ठेवतो."

म्हातारा पहिल्यांदा हसला. होकायंत्र परत देत तो सुनेला म्हणाला, "मनू, मोहन्याला सांगून धाड. पोर परीक्षा देल, मंग बघू." तुळसा आत पळाली. मनुबाईने आम्हाला रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही, मोठ्या सरंग्यांची एक जोडी आनंदच्या दुसऱ्या काखेत आली.

घरी आल्यावर नाना थेट आपल्या वह्यांपाशी गेले.

अमावास्येला सगळं ठाणं खाडीवर लोटलं होतं, जत्रेसारखं. भजी विकायला आली होती. पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं, तिथे जरा रेंगाळलं आणि उतरून गेलं. गोपीनाथपंतांनी हिशोबात अधिक मास धरायचा राहिला म्हणून प्रलय पुढे ढकलला. मोहन्याचा नवरा मुलगा थांबला नाही, त्याने माघात दुसरी केली. तुळसा मार्चमध्ये परीक्षेला बसली आणि पास झाली. पुढे ती मोजणी खात्यातच ट्रेसर म्हणून लागली. तीस वर्षं तिने ठाण्याचे नकाशे काढले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढला. आजही ती भेटली की म्हणते, तुमच्या नानांनी भर अंगणात चूक कबूल केली म्हणून मी इथवर आले. मी मान डोलावते. इतकी तोंडाळ मी, पण तेवढं एक खरं मला तिला अजून सांगता आलेलं नाही.

नाना पुढच्या मे महिन्यात निवृत्त झाले. ओसरीवर बसून आम्ही त्यांच्या वह्यांचे गठ्ठे बांधत होतो. खात्याच्या वह्या वेगळ्या आणि त्यांची स्वतःची, अवजारांची नोंदवही वेगळी. ती मी सहज उघडली. त्या महिन्यांत कुठल्या साखळीची कडी बदलली, कुठली दोरी नवी आणली, सगळं होतं, आणि एका पानावर लिहिलं होतं: होकायंत्राचा काटा उलटला. कारण, पूजेत लोहचुंबकाशेजारी राहिले. ठेवणाऱ्याचे नाव, सुमेधा. त्या नावावर एकच आडवी रेघ होती. वर लिहिलं होतं, मी स्वतः. शेजारी सही आणि आम्ही चेंदणीला गेलो त्या संध्याकाळची तारीख.

मी वर पाहिलं. नाना सुतळीला गाठ मारत होते. त्यांनी माझ्या हातातलं पान पाहिलं आणि म्हणाले, बोट धर इथे, गाठ सैल होतेय. मी बोट धरलं.

ती वही आता माझ्याकडे आहे. रेघ मारली तरी चूक दिसली पाहिजे, हा नियम त्यांनी तिथेही मोडला नाही. रेघेखाली माझं नाव अजून स्वच्छ वाचता येतं.